घाटात बंद, गॅरेजात चालू: फ्युएल पंपाच्या लपंडावाचा छडा

चिपळूणहून कराडला निघालं की पोफळी सोडल्यावर कुंभार्ली घाट लागतो. मे महिन्यातली दुपार, गाडीत चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. निम्मा घाट चढून झाल्यावर गाडीने दोन-तीन झटके दिले. ॲक्सिलरेटर दाबला तरी दमा झाल्यासारखी कण्हली आणि बंद पडली. सेल मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. कठड्यापाशी वीस-पंचवीस मिनिटं माकडं बघत उभे राहिलो आणि मग पहिल्याच सेलला गाडी चालू! कराडला गॅरेजात नेली तर तासभर शहाण्या बाळासारखी आयडलिंगला उभी. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गाडीत काहीच प्रॉब्लेम नाहीये."

पुढच्या वर्षभरात त्या गाडीचा रिले बदलला, मग फिल्टर, मग पंप. पंप बदलल्यावर चार महिने सगळं सुरळीत होतं. गणपतीला गावी जाताना पुन्हा तेच. शेवटी दोष सापडला तो एका स्क्रूच्या बुडाशी. तो कसा सापडला आणि आधी वर्षभर का सापडला नाही, हे सांगायला हा लेख. मी मेकॅनिक नाही. पण या भानगडीपायी वायरिंगचा जितका अभ्यास झाला, तितका कॉलेजात कधी केला नव्हता.

पंप कुठे असतो आणि त्याला वीज कोण देतं

पेट्रोल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत हा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडवून बसवलेला असतो. वर मागची सीट. सीट उचलली की एक गोल किंवा चौकोनी झाकण दिसतं, त्याखाली पंपाचं तोंड आणि त्यावरचा वायरींचा कपलर. पंप म्हणजे १२ व्होल्टवर चालणारी एक छोटी मोटर. ती पेट्रोल उचलून इंजिनकडे साधारण ३ ते ४ बार दाबाने ढकलते. अंदाज यावा म्हणून सांगतो, गाडीच्या टायरात आपण ३२ पीएसआय हवा भरतो ती होते २.२ बार.

पेट्रोलमध्ये विजेची मोटर म्हटल्यावर पोटात गोळा येतो, पण जळायला हवा लागते. बुडलेल्या मोटरीला ती मिळत नाही, आणि टाकीत वर साठलेली वाफही इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवा तिच्यात नसते. उलट पेट्रोलच या मोटरीला गार ठेवतं. म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर दमतात. गॅसवर चालणाऱ्या आणि पेट्रोलच्या टाकीत नावाला दोन लिटर ठेवणाऱ्या गाड्यांनाही हे लागू आहे, कारण काही गॅसकिटांत गाडी गॅसवर असली तरी पंप फिरतच असतो.

आता विजेचा रस्ता बघू. बॅटरीच्या प्लसमधून निघालेली वीज फ्यूजमधून रिलेत जाते, तिथून दाराच्या उंबऱ्याखालून जाणाऱ्या लांब वायरीने मागे, कपलरमधून पंपात. पंप फिरवून झाला की दुसऱ्या वायरीने बाहेर येते, गाडीच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेल्या अर्थवर (अर्थिंगच्या जोडावर) उतरते आणि पत्र्यातून पुन्हा बॅटरीच्या मायनसला पोचते. या वर्तुळात किती सांधे आहेत ते मी एकदा मोजले. बॅटरीचे टर्मिनल, फ्यूजचे दोन पाय, रिलेच्या पिना, पुढच्या आणि मागच्या वायरिंगला जोडणारा कपलर, पंपाचा कपलर, टाकीच्या आतले छोटे क्लिप, अर्थचा स्क्रू... डझनभर तरी भरले. यांतला कुठलाही एक अर्धवट धरत असेल तर पंप अर्धवट चालणार. आपण बदलतो मात्र पंप, कारण नाव त्याचं माहीत असतं.

रिले म्हणजे दूरवरून दाबायचं बटण. त्याच्या पोटात एक छोटी कॉइल असते, तिला अगदी थोडी वीज दिली की ती आतला मोठा स्विच ओढून घेते. मोठ्या स्विचमधून पंपाचे पाचेक ॲम्पियर जातात. कॉइलचं नियंत्रण इंजिनच्या संगणकाकडे, म्हणजे ईसीयूकडे. चावी ऑन केली की ईसीयू साधारण दोन-तीन सेकंद पंप फिरवतो. मागच्या सीटखालून बारीक 'घूंऽऽ' ऐकू येतं ते हेच. त्या वेळात इंजिन फिरताना दिसलं नाही तर तो पंप बंद करतो. ही सोय अपघातासाठी आहे. धडक बसून इंजिन थांबलं, चावी ऑनच राहिली, तर फुटलेल्या पाइपातून पेट्रोल उडत राहू नये. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे शोध घेताना ती आपल्याला चकवणार आहे.

"करंट येतोय की!"

गॅरेजात पहिली तपासणी अशी होते: कपलर काढायचा, टेस्टरचा दिवा लावून बघायचा, दिवा लागला की "करंट येतोय, म्हणजे पंप गेला". थोडा जास्त शिकलेला असेल तर मल्टिमीटर लावतो, १२.४ व्होल्ट वाचतो आणि तोच निकाल देतो.

यातली खोट समजायला सोसायटीचा नळ आठवा. गच्चीवरच्या टाकीपासून तुमच्या नळापर्यंतचा पाइप गाळाने नव्वद टक्के बुजलाय. नळ बंद असताना त्या पाइपात दाब किती? पूर्ण. कारण पाणी हलतच नाहीये, गाळाने अडायला काही नाहीच. नळ उघडला की मग करंगळीएवढी धार येते. विजेचंही असंच. कपलर काढून मीटर लावला म्हणजे नळ बंद ठेवून दाब मोजला. मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे वायरीतली एक तार जरी शाबूत असली आणि बाकीच्या तुटल्या असल्या तरी तो सुखाने १२.४ दाखवतो. पंपाला हवेत पाच ॲम्पियर, ते त्या एका तारेतून जाणार नाहीत.

गणित तोंडी करता येतं. सांध्यात अर्धा ओहम अडथळा आहे असं धरा. पाच ॲम्पियर गुणिले अर्धा ओहम म्हणजे अडीच व्होल्ट तिथेच गडप. शिवाय अडीच व्होल्ट गुणिले पाच ॲम्पियर, म्हणजे साडेबारा वॅट उष्णता त्या सांध्यात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. तिच्या निम्मी धग एका पिनेच्या टोकाशी सतत धुमसतेय. सांधा तापतो, धातू फुगतो, गंज वाढतो, पकड सैल होते, अडथळा अजून वाढतो. पंपाला मिळणारे व्होल्ट उतरतात, दाब उतरतो आणि चढावर जास्त पेट्रोल लागतं नेमकं तेव्हा ते मिळत नाही. गाडी बंद पडली की करंट थांबतो, सांधा गार होतो, पुन्हा धरतो. आपण तोवर माकडं बघत असतो.

हा अर्धा ओहम मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर मोजायला जाल तर तिथेही फसाल. साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच अडथळा ०.२-०.३ ओहम असतो, आणि मोजताना तो सांधा गार असतो.

उघडलं की पुरावा पुसला जातो

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. कपलर नुसता काढून परत बसवला तरी आतल्या पिना एकमेकींवर घासतात आणि त्यांच्यावरचा गंजाचा पापुद्रा खरवडला जातो. दुखणं काही दिवसांसाठी बरं होतं. रिलेचंही तेच, फ्यूजचंही तेच. आमचा पंप बदलताना सीट उचलली, कार्पेट सरकवलं, वायरी हलल्या, कपलर घासला गेला. श्रेय मिळालं नव्या पंपाला. चार महिन्यांनी पापुद्रा पुन्हा जमला.

त्यामुळे अशा बिघाडात हाताला आवर घालावा लागतो. घाटात गाडी बंद पडली की आपण बॉनेट उघडून दिसेल तो कपलर दाबतो, बॅटरीच्या टर्मिनलवर दगडाने दोन ठोके घालतो. गाडी चालू झाली की आनंद होतो खरा, पण नेमका कुठला दाब कामी आला हे कळायचा मार्ग आपणच बंद केलेला असतो. रस्त्याच्या कडेला एवढंच करा: गाडी सुरक्षित जागी घ्या, पार्किंग लाइट लावा, चावी ऑन करून कान मागच्या सीटकडे द्या. घूं आलं की नाही? आलं तर नेहमीसारखं आलं की मरगळलेलं? मग सेल मारताना आरपीएमचा काटा बघा.

काटा का, तर पंपाची सोंगं घेणारा एक भामटा आहे: क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा हा सेन्सर तापला की काही वेळा गप्प होतो आणि गार झाला की पुन्हा बोलू लागतो, म्हणजे लक्षणं तीच. ईसीयूला वाटतं इंजिन थांबलं, आणि तो पंपही बंद करतो, स्पार्कही. पण त्यात चावी ऑन केल्यावरचं घूं शाबूत असतं, आणि सेल मारताना ज्या गाड्यांत काटा दोन-तीनशेवर हलतो तिथे तो शून्यावर चिकटून राहतो. मरण्याची तऱ्हाही वेगळी. सेन्सर गेला तर इंजिन चावी काढल्यासारखं एकदम गप्प होतं. पेट्रोल कमी पडलं तर आधी झटके, मग कण्हणं, मग बंद. आमची गाडी कण्हायची. हे पहिल्या दिवशी नीट सांगितलं असतं तर निदान स्पार्क प्लगचे पैसे वाचले असते.

ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे स्कॅनरबद्दल, थोडक्यात. साध्या गाड्यांत ईसीयूचं लक्ष रिलेच्या कॉइलपर्यंतच असतं. कॉइलच्या वायरीत गडबड असेल तर पी०२३० हा कोड येऊ शकतो, क्रँक सेन्सरचा पी०३३५. पण पंपाच्या जाड वायरीत अडीच व्होल्ट गडप होत असतील तर ते ईसीयूला दिसत नाही. फार तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असं सांगणारा पी०१७१ येतो, आणि तो बघून लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. स्कॅनर कोरा आला म्हणजे गाडी निर्दोष, असं होत नाही.

मोजायचं कसं

योग्य मोजणी पंप फिरत असताना, कपलर जोडलेला असताना करायची. कपलरच्या मागच्या बाजूने, जिथून वायर आत शिरते तिथून, बारीक टाचणी पिनेपर्यंत सरकवायची आणि तिला मीटर लावायचा. दोन्ही टाचण्या एकमेकींना किंवा पत्र्याला लागू द्यायच्या नाहीत. वायरीचं प्लास्टिक टोचून भोक पाडू नका. कोकणातल्या हवेत त्या भोकातून ओल शिरते आणि वर्षभराने तिथेच नवा बिघाड होतो.

इंजिन आयडलिंगला ठेवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पंपाच्या प्लस पिनेला. सहा-सात मीटरची जोडवायर लागेल. मीटर जे दाखवेल ते रस्त्यात हरवलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं पंपाच्या मायनस पिनेला, इथे ०.२ च्या आत हवं. तुमची वायरिंग निरोगी आहे की नाही हे या दोन आकड्यांत कळतं. प्लसच्या बाजूला आकडा मोठा आला तर टोक एकेक सांधा पुढे सरकवत या. ज्या सांध्याच्या अलीकडे ०.१ आणि पलीकडे १.५, तोच चोर.

पंप काढून ठेवला असेल किंवा त्याच्यावर भरवसा नसेल तर त्याच्या जागी हेडलाइटचा बल्ब लावायची जुन्या वायरमनांची युक्ती आहे. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला साडेचार ॲम्पियर ओढतो, म्हणजे जवळजवळ पंपाएवढाच. तो लख्ख पेटला तर वायरिंग पंपाचा भार सोसू शकते. पिवळट, मिणमिणता पेटला तर पंपाला दोष देऊ नका. ही युक्ती फक्त पंपाच्या जाड वायरीवर करायची; ईसीयूकडे जाणाऱ्या बारीक वायरीला बल्ब लावलात तर ईसीयू जळू शकतो. आणि टाकीचं झाकण उघडं असताना, पेट्रोलचा वास येत असताना, तिथे कुठलीही ठिणगी उडेल असं काम करायचं नाही. बल्ब तापतो, त्याची वायर लांब ओढून तो गाडीच्या बाहेर ठेवा. पेट्रोलची नळी सोडायची वेळ आली तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर त्या तीन बारचा फवारा थेट तोंडावर येतो.

पण गॅरेजात, सावलीत, गार गाडीवर हे आकडे चांगलेच येतात. आमचे आले होते: प्लसला ०.३, मायनसला ०.३. मायनसचे ०.३ जरा जास्त आहेत हे माझ्या लक्षात आलं होतं, पण वायरमन म्हणाला, "दादा, जुनी गाडी आहे, एवढं चालतं." मीही मान डोलावली.

डॅशबोर्डवरचे दोन डोळे

मग ठरवलं की घाटात आपण मोजत बसायचं नाही, मीटरच बरोबर न्यायचे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आकडे दाखवणारे, आगपेटीपेक्षा छोटे व्होल्टमीटर मिळतात. ते तीन वायरींचे घ्यायचे. दोन वायरींचा मीटर जी वीज मोजतो तिच्यावरच चालतो, त्यामुळे ती तीन-चार व्होल्टच्या खाली गेली की तो विझतो, आणि अर्थवरचे छोटे आकडे त्याला दिसतच नाहीत. तीन वायरींच्या मीटरला चालायला वेगळी वीज मिळते आणि तिसरी वायर फक्त मोजते.

एका मीटरची मोजणारी वायर पंपाच्या प्लसला, दुसऱ्याची मायनसला. दोन्हींना पंपाजवळच एक ॲम्पियरचा फ्यूज, म्हणजे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडेल, कार्पेट पेटणार नाही. दोन्ही मीटरांच्या काळ्या वायरी थेट बॅटरीच्या मायनसला. हे महत्त्वाचं आहे: पंपाच्या अर्थवरच संशय असताना मीटरला तीच अर्थ दिली तर संशयितालाच पंच नेमल्यासारखं होईल.

आकड्यांचा अर्थ असा लावायचा. इंजिन कण्हायच्या आधी प्लसचा मीटर खाली आला, तर दोष पंपाच्या आधी: फ्यूज, रिले, लांबची वायर. प्लस १३.५ च्या आसपास ठाम, मायनस जवळजवळ शून्य, आणि तरी इंजिन कण्हतंय, तर वीज पंपापर्यंत पोचतेय आणि परतही जातेय. मग दोष पंपात, टाकीतल्या वायरीत, फिल्टरमध्ये किंवा भलत्याच ठिकाणी. मायनसचा आकडा चढायला लागला तर अर्थ सुटतेय. अर्थ पूर्ण तुटली तर मायनसच्या वायरीवरही प्लसएवढेच १३ व्होल्ट दिसतील. वीज मोटरीतून पलीकडे आली, पण तिला उतरायला वाट नाही, म्हणून ती तिथेच तुंबून राहते. पहिल्यांदा बघणारा हे पाहून वायरी उलट्या लागल्यात असं समजतो.

आणि आता तो चकवा. इंजिन थांबलं की ईसीयू पंप बंद करतो, म्हणून थोड्याच वेळात प्लसचा मीटर शून्यावर येणारच. ते बघून "सापडलं, करंट गेला!" असं ओरडू नका. आधी काय पडलं, इंजिन की आकडा, एवढाच प्रश्न आहे. गाडी सपाट रस्त्यावर वेगात असताना कण्हायला लागली आणि मागे कोणी नसेल, तर क्लच न दाबता गाडी गियरमध्येच घरंगळू द्या. चाकं इंजिनला फिरवत ठेवतात, ईसीयूला ते चालूच वाटतं आणि तो रिले सोडत नाही. वाचायला दहा-पंधरा सेकंद मिळतात. मीटर वाचायला मात्र शेजारी माणूस हवा. चालवणाऱ्याने रस्ताच बघायचा.

आमच्या शेजारी मेव्हणा होता. तो आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे सांगत होता. चिपळूण सोडताना मायनस ०.३. शिरगावला ०.९. पोफळीनंतर चढ सुरू झाल्यावर १.६. प्लस मात्र १३.६ वर दगडासारखा. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर "तीन... तीन पॉइंट आठ..." आणि गाडीने पहिला झटका दिला. १३.६ मधून ३.८ गेले, पंपाला दहाच्याही खाली मिळत होते.

मागून बायको म्हणाली, "पेट्रोलचा काटा बघ, पुन्हा खाली गेला." पुन्हा! तिने हे मे महिन्यातही सांगितलं होतं आणि मी घाटाच्या चढामुळे टाकीतलं पेट्रोल मागे जातं वगैरे भौतिकशास्त्र ऐकवलं होतं. आमच्या गाडीत टाकीतल्या तरंगत्या फ्लोटची आणि पंपाची अर्थ एकच आहे. अर्थ सुटायला लागली की काट्यालाही खोटा आकडा मिळतो आणि तो रिकाम्याकडे झुकतो. वर्षभर डॅशबोर्डवर उत्तर लिहिलेलं होतं.

बाकीचे संशयित

प्रत्येकाचा चोर अर्थच असेल असं नाही. प्लसचा मीटर पडत असेल तर आधी गाडीत कंपनीने न केलेले सांधे शोधा. गॅसकिट, चोरीविरोधी अलार्म, इंजिन लांबून बंद करणारं जीपीएस, यांतली बरीच मंडळी पंपाची वायर मध्येच कापून तिथे आपला रिले घालतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. आपल्याकडच्या उन्हात टेपचा गोंद वितळतो, पावसात ओल शिरते. दहा वर्षं जुन्या गाडीत मूळ वायरिंगपेक्षा मी या टेपवर आधी संशय घेईन.

रिलेचा दोष दोन प्रकारचा. गाडी बंद पडलेली असताना रिलेवर बोट ठेवून कोणाला तरी चावी ऑन करायला सांगा. टिक लागली पण पुढे वीज नाही, तर एकतर आतला स्विच जळालाय किंवा रिलेपर्यंत वीजच येत नाही. टिकच नाही, तर कॉइल, इग्निशन स्विच, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा) किंवा ईसीयूकडची वायर. काही रिले दिसायला ठणठणीत असतात पण आतल्या सोल्डरला केसाएवढी चीर असते. अमेरिकेत १९९० च्या दशकातल्या होंडा सिव्हिक आणि अकॉर्ड गाड्यांचा मेन रिले यासाठी प्रसिद्ध आहे: उन्हात उभी केलेली गाडी चालू होत नाही, काचा उघडून आतली हवा गार झाली की होते. असा रिले पकडायला केस वाळवायचा ड्रायर पुरतो. इंजिन चालू ठेवून रिलेवर गरम हवा सोडायची आणि थांबायचं.

पंप स्वतः दोषी असतोच, नाही असं नाही. आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, झिजले की मोटर एखाद्या ठिकाणी अडकून राहते. गाडी बंद असताना सेल मारता मारता कोणी टाकीला खालून हाताने थोपटलं आणि ती चालू झाली, तर कार्बन संपत आलेत हे जवळजवळ नक्की. मग मात्र पंप बदला, आणि बदलताना जुन्या कपलरच्या पिना बघा. तपकिरी पडलेल्या किंवा प्लास्टिक वितळलेलं असेल तर कपलरही नवा हवा. कधी दोष विजेचा नसतोच. २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंप तपासायला परत बोलावल्या होत्या. त्याच वर्षी होंडाने ६५,६५१ गाड्या बोलावल्या. तिथे पंपातलं पेट्रोल ढकलणारं चक्र, म्हणजे इंपेलर, सदोष असण्याची शक्यता होती. आपली गाडी अशा यादीत आहे का हे कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून बघता येतं, आणि ते काम फुकट होतं.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ दुचाकींतही आता बहुधा असाच पंप असतो आणि हीच मोजणी चालते. फरक इतकाच की गाडी आडवी झाल्यावर पंप बंद करणारा एक सेन्सरही संशयितांच्या यादीत घ्यावा लागतो. काही नव्या मोटारींत मात्र पंपाला सलग वीज न देता एक वेगळा मॉड्युल ती तुकड्यातुकड्याने देतो. तिथे साधा मीटर सरासरी दाखवून फसवतो. विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप असलेल्या माणसाकडेच जावं.

स्क्रू

घाट उतरून परत चिपळूणला आलो. डाव्या मागच्या दाराजवळचं कार्पेट उचललं. खाली कुबट वास, ओला फेल्ट. पावसाळ्यात पाय आणि छत्र्या टेकतात ती जागा. पत्र्यावर एक स्क्रू, त्याखाली तीन काळ्या वायरींची एकच चकती. वरून स्क्रू चांगला चकचकीत होता. मी मीटरचं टोक चकतीवर ठेवलं, मग दोन बोटांवरच्या उघड्या पत्र्यावर. चकतीवर १.२, पत्र्यावर ०.०५. त्या दोन बोटांच्या अंतरात एक व्होल्टहून जास्त.

स्क्रू सोडवला तर चकतीच्या खालची बाजू काळी-तांबडी आणि पत्र्याचा रंग फुगलेला. बॅटरी सोडून ठेवली, पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, चकती कापून नवी लावली, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळला आणि वरून ग्रीस फासलं, म्हणजे ओल परत शिरणार नाही. फेल्ट दोन दिवस उन्हात वाळवलं. सगळा खर्च वॉशर आणि चकतीचा.

पुन्हा मोजलं तेव्हा मायनसला ०.०६ आले. मीटर मी लगेच काढले नाहीत. दिवाळीत पुन्हा कुंभार्ली चढलो तेव्हा मेव्हणा सवयीने आकडे सांगायला लागला, घाटमाथ्यापर्यंत ०.०६ चा ०.०७ झाला आणि हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा बायकोने पेट्रोलचा काटा जागेवर असल्याचं मला दोनदा दाखवलं.